लेक पक्षात, बाप प्लांटवर

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा चिपळूणचा, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. नोकरीची सुरुवात गुहागरजवळच्या वीज प्रकल्पावर केली, मग कतार, आणि गेली वीस वर्षं कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात. सध्या गॅसच्या कामावर आहे. दोन आठवडे उत्तरेला किटिमॅटच्या कॅम्पात, एक आठवडा बर्नाबीला घरी.

मुलगी पंचवीस वर्षांची आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात इथं उष्णतेची भयंकर लाट आली, तेव्हापासून तिचं हे हवामानाचं सुरू झालं. मी तेव्हा कॅम्पात होतो. या दोघी मायलेकी खिडक्यांना ओले पंचे लावून बसल्या होत्या. २०२५ मध्ये इथल्या ग्रीन पक्षानं एमिली लोवन नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलीला नेता निवडलं. तिच्या प्रचारात आमची कन्या रात्रंदिवस फोन करत होती, सदस्य नोंदवत होती. आता पक्षातले लोक हिलाच म्हणतात, पुढच्या विधानसभेला उभी राहा. हिनं नोकरी अर्धवेळ करून घेतली आहे.

एकदा जेवताना मी म्हणालो, "चोवीस वर्षांची पोर पक्ष चालवणार, तुम्ही प्रांत चालवणार, भातुकलीच आहे सगळी." ती ताटावरून उठली. जाताना म्हणाली, "बाबा, तुझ्या गॅसच्या पगारावर मी शिकले, हे मला रोज आठवतं. तेच तर." त्याला सहा आठवडे झाले. आता निरोप बायकोमार्फत चालतात.

इतक्या लहान मुलीच्या हाती पक्ष देणं हा पोरखेळ नाही का? माझ्या मुलीचं करिअर यात बुडेल का? आणि जिला माझ्या कामाची लाज वाटते, तिच्याशी मी बोलू तरी काय?

— एक बाबा, बर्नाबी

*

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा एकाच ओळीशी थांबले: "मी तेव्हा कॅम्पात होतो." पुढे पक्ष आला, करिअर आलं, पण त्या ओळीनंतर तुम्ही नुसता पूर्णविराम दिला आहे. तिच्याकडे मी नंतर येते. आधी पोरखेळाचं बघू, कारण तिथं तुमची माहिती जरा कमी पडते आहे असं मला वाटतं. बापाची माहिती कमी पडते, तेव्हा तो भातुकलीवर येतो. माझा बापही यायचा.

तुमच्याकडे नेता निवडण्याची रीत आपल्यासारखी नाही. आपल्याकडे 'श्रेष्ठींचा फोन येतो'. कुणाला आला, का आला, हे शेवटपर्यंत कळत नाही. आणि युवक आघाडीचा अध्यक्ष पन्नाशीचा असला तरी कुणाला नवल वाटत नाही. कॅनडात पक्षाचे सदस्य मत देतात, आणि सदस्य होणं फारसं अवघड नसतं. म्हणजे ज्याला माणसं नोंदवता येतात, त्याला पक्ष मिळू शकतो. लोवन २४ सप्टेंबर २०२५ ला निवडून आली, तेव्हा तिच्यासमोर जोनाथन कर होते, कोमॉक्सचे नगरसेवक आणि पेशानं डॉक्टर. सभ्य, अनुभवी, कागदावर तिच्यापेक्षा कितीतरी वजनदार माणूस. हरले. व्हिक्टोरिया विद्यापीठानं तेलकंपन्यांतली गुंतवणूक काढून घ्यावी, या विद्यार्थ्यांच्या मोहिमेत ती तयार झाली होती, पुढे हवामान चळवळीतच काम करत होती. अनोळखी माणसाला फोन करायचा, त्यानं आपटला की पुढचा लावायचा, ही कला तिथं शिकायला मिळते. तुमच्या कन्येनं दिवसचे दिवस तेच केलं. याला संघटन म्हणतात. आपल्याकडच्या किती तरी पक्षांत हे काम करणारं आता कुणी उरलेलं नाही, सगळं कंत्राटावर चालतं. असो, तो वेगळा विषय.

या मुलींना दुनियादारी कळत नाही असंही समजू नका. अंजली अप्पादुरई हे नाव घरात एकदा तरी निघालं असणार. भारतीय वंशाची मुलगी, २०११ च्या डर्बनच्या हवामान परिषदेत विद्यार्थिनी म्हणून व्यासपीठावर उभी राहिली आणि देशोदेशीच्या प्रतिनिधींना तिनं खडसावलं. दहा वर्षांनी, २०२१ च्या कॅनडाच्या लोकसभेला, व्हँकूव्हर ग्रॅनव्हिलमधून एनडीपीकडून, म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी या डावीकडे झुकणाऱ्या पक्षाकडून, उभी राहिली आणि पाचशेहूनही कमी मतांनी पडली. पुढच्या वर्षी तुमच्या प्रांतातल्या सत्ताधारी एनडीपीच्या नेतेपदासाठी उतरली. निवडून आली असती तर थेट प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री. हजारो नवे सदस्य नोंदवले गेले. पण त्या नोंदणीत बाहेरच्या पर्यावरण संघटनेनं नियमबाह्य हात घातला, असं म्हणत पक्षानं ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला स्पर्धेतूनच बाद केलं. डेव्हिड ईबी बिनविरोध नेते झाले. नियम मोडला की नाही यावर तुमच्याकडे अजून वाद घालतात, मी त्यात पडत नाही. पण चळवळीतल्या पोरांनी त्यातून एक गोष्ट शिकून घेतली: मोठ्या पक्षाचा दरवाजा वाजवत बसण्यापेक्षा लहान पक्षाच्या घरात जाऊन राहावं. तीन वर्षांनी ती पोरं जाऊन राहिली. हा पोरखेळ असेल, तर खेळणाऱ्यांनी पट नीट वाचला आहे.

वयावरून एक गंमत. लोवन आपल्या महाराष्ट्रात असती तर नेता झाली त्या दिवशी तिला विधानसभेचा अर्जही भरता आला नसता. आपल्याकडे पंचवीस पूर्ण लागतात. सरपंच मात्र होता आलं असतं, ग्रामपंचायतीला एकवीस पुरतात. एकवीस-बावीसच्या सरपंच पोरी मी पाहिल्या आहेत. ग्रामसेवक त्यांच्यासमोर रजिस्टर ठेवतो आणि बोट दाखवतो, 'मॅडम, इथं सही.' काही जणी करतात. काही जणी आधी मागची पानं उलटतात. हा फरक वयाचा नव्हे. मागची पानं न उलटणारे साठ वर्षांचे सभापतीही मी पाहिलेत.

तेव्हा चोवीस वर्षं हा तुमचा मुद्दा मी बाजूला ठेवते. त्यामागे लपलेला दुसरा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो तुम्ही मांडलाच नाही. चळवळीत आपण मागणी ठरवतो. पक्षात तिची किंमत ठरवावी लागते, आणि ती किंमत पुष्कळदा आपल्याच माणसांकडून वसूल करावी लागते.

तुमच्या विधानसभेत ९३ जागा. २०२४ च्या निवडणुकीत एनडीपीला ४७, काँझर्व्हेटिव्हांना ४४, ग्रीनला २. म्हणजे एका जागेचं बहुमत. काठावरच्या सरकारला दोन आमदारांचा पक्ष किती गोड लागतो, हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला नको. ग्रीन आणि एनडीपीनं २०२५ च्या मार्चमध्ये सहकार्याचा करारही केला. आता लोवनची गंमत बघा. करार तिच्या आधीचा. दोन आमदार, रॉब बॉटरेल आणि जेरेमी व्हॅलेरिओट, दोघंही तिच्याहून वयानं पुष्कळ मोठे आणि लोकांनी निवडून दिलेले. व्हॅलेरिओट तर तिच्याआधी पक्षाचे हंगामी नेते होते. आणि ती स्वतः निवडून आली तेव्हा सभागृहाच्या बाहेर, आमदारही नव्हती. घराची किल्ली तिच्याकडे, आणि राहणारे दुसरेच. अशा वेळी आत बसलेल्यांना 'धरा' म्हणायचं की 'सोडा', हे ठरवायला आंदोलनातलं तेज पुरत नाही.

तेज नसलेल्याला तरी कुठे जमलं होतं म्हणा. याच पक्षाचे आधीचे नेते अँड्र्यू वीव्हर. हवामानशास्त्रज्ञ, व्हिक्टोरिया विद्यापीठाचे प्राध्यापक, भारदस्त माणूस. २०१७ मध्ये ग्रीनच्या तीन जागा आल्या आणि त्या तिघांच्या जोरावर एनडीपीचं सरकार आलं. एवढी ताकद त्या पक्षाला आधी कधी मिळाली नव्हती. मग सरकारनं त्याच वर्षाअखेर साइट सी नावाच्या मोठ्या जलविद्युत धरणाचं काम चालू ठेवायचं ठरवलं, ग्रीनच्या नाकावर टिच्चून. पुढं गॅस निर्यातीला सवलती द्यायची वेळ आली, तेव्हा सरकार पाडण्याची भाषा झाली. सरकार पडलं नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये किटिमॅटच्या गॅस निर्यात प्रकल्पाला हिरवा कंदील मिळाला, आणि दोन महिन्यांनी प्रांताचा मोठा हवामान आराखडा आला, जो घडवण्यात वीव्हर यांचा वाटा होता. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं घेतलं. २०२० च्या जानेवारीत वीव्हर नेतेपदावरून दूर झाले, पक्षही सोडला, आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांनी एनडीपीच्या प्रीमियरची पाठराखण केली. ज्या प्रकल्पावरून हे सगळं झालं, त्याचं पहिलं जहाज ३० जून २०२५ ला किटिमॅटहून सुटलं. तुम्ही कदाचित तेव्हा ड्यूटीवर असाल. पुढच्या तीन महिन्यांत ही मुलगी त्या पक्षाची नेता झाली. तिच्या वाट्याला आलेलं घर हे असं आहे.

आणि तुम्हाला तर हे कुणी कॅनडाच्या दाखल्यानं सांगण्याची गरजच नव्हती. तुम्ही गुहागरला होतात. एन्रॉन. १९९५ च्या निवडणुकीत ते अरबी समुद्रात बुडवायचं होतं. बुडवू म्हणणारे सत्तेवर आले, ऑगस्टमध्ये करार रद्दही केला. आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी होऊन तोच प्रकल्प दुसऱ्या टप्प्यासकट पुन्हा उभा राहिला. १९९७ मध्ये मी दोन दिवस तिथं गेले होते, मोर्चात. सव्वीस वर्षांची होते. एसटीतून उतरताना चप्पल तुटली आणि अंजनवेलच्या रस्त्यावर मी अनवाणी घोषणा दिल्या. म्हणून तुमचं पत्र वाचताना मला जरा हसू आलं. तुम्ही त्यानंतर कुंपणाच्या आत आलात. बाहेर कोण होतं, हे आज कळलं समजा.

आता माझं स्वतःचं थोडं सांगते, कारण माझा सल्ला शेवटी तिथूनच निघतो.

गुहागरहून परतल्यावर आम्ही आमच्या गावचं तळं वाचवायला निघालो. पाच वर्षं तेच. २००१ मध्ये मी नगरपरिषदेला उभी राहिले आणि सगळ्यांच्या, माझ्यासुद्धा, अपेक्षेविरुद्ध निवडून आले. वडील निवृत्त तलाठी. माझं राजकारण त्यांना मूर्खपणाचं वाटायचं आणि ते तसं सांगायचेही, पाहुण्यांदेखत. पण सर्वसाधारण सभेच्या आदल्या रात्री विषयपत्रिका आली की चष्मा पुसत ओसरीवर बसायचे आणि म्हणायचे, "वाच." मी वाचायची. ते मध्येच हात वर करायचे. "विषय क्रमांक चौदा परत वाच. 'व अनुषंगिक कामे' म्हणजे कुठली कामे? विचार उद्या." एकदा म्हणाले, "छापलेल्या विषयांना घाबरू नकोस. आयत्या वेळचे विषय कोण मांडतो त्याच्याकडे बघ."

तर एका सभेत आमच्या तळ्याचाच ठराव आला. शहराचं सांडपाणी तळ्यात येतं, ते वळवून बाहेर काढायची पाइपलाइन. आम्ही पाच वर्षं मागत होतो ती. पण त्याच ठरावाला जोडून पूर्वेकडच्या काठावर भराव टाकून रस्ता. दोन्ही एकत्र. तोडून मांडा म्हटलं, तर अध्यक्ष म्हणाले निधी एकत्र आला आहे, घ्यायचा तर सगळा घ्या. वडिलांनी आदल्या रात्रीच ते हेरलं होतं. मी विचारलं, "काय करू?" तर म्हणाले, "ते मी नाही सांगणार. उद्या हात तुला वर करायचा आहे. पण काय काय जाणार आहे, ते मोजून जा." आणि मग त्यांनी मला मोजायला लावलं. नकाशावर पट्टी ठेवून. किती झाडं, कुणाची उतारवाट, कपडे धुवायची कुठली पायरी.

मी ठरावाच्या बाजूनं हात वर केला. तळ्यात आज सांडपाणी येत नाही. पूर्वेचा काठ गेला. माझ्या सोबत पाच वर्षं उपोषणं केलेल्यांपैकी दोघं माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणू शकत नाही. मी पुन्हा उभी राहिले नाही.

तुमच्या लेकीला विचारधारा शिकवायला माणसं मिळतील, घोषणा लिहून द्यायला मिळतील, फोन करायला तर मिळालीच आहेत. विषय क्रमांक चौदा परत वाच म्हणणारं माणूस सहजासहजी मिळत नाही. ते तुमच्या घरात आहे, आणि ते सध्या रुसून बसलंय.

म्हणजे नेमकं काय करायचं? तिच्या पक्षाचं म्हणणं आहे गॅस नको. बरं. किटिमॅटमध्ये तुमच्यासारखे जे काम करतात त्यांचं काय, याचं तिच्या पक्षाकडे उत्तर काय आहे ते तिला कागदावर मागा. टोमण्यानं नाही. टोमणा मारायची इच्छा होईल, तेव्हा भात वाढून घ्या. कागद आला की इंजिनिअर म्हणून वाचा. पेन्सिल घेऊन. कुठला आकडा कशातून आला, प्रशिक्षण म्हणजे कोण देणार, किती महिने, त्या काळात घरभाडं कोण भरणार. आणि तिनंही तुम्हाला विचारलं पाहिजे: मिथेनची गळती मोजतात कशी, फ्लेअर, म्हणजे जादा गॅस जाळणारी ज्योत, केव्हा पेटतो, अहवालात काय जातं आणि काय जात नाही. यातलं कंपनीच्या गोपनीयतेत येणारं सांगू नका, तिनंही विचारू नये. पण तुमच्या विषयाचं जे कुठल्याही कॉलेजात शिकवतात, तेवढंही तिच्या पक्षात समजावून सांगू शकणारे किती असतील?

आणि तिला एक अवघड प्रश्न घाला, जो तिला सभेत कुणी ना कुणी घालणारच आहे. किटिमॅटला येणाऱ्या ६७० किलोमीटरच्या पाइपलाइनविरुद्ध वेत्सुवेतेन लोकांचे परंपरागत प्रमुख उभे राहिले, अटका झाल्या, २०२० मध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी देशभर रेल्वे अडल्या. तुमची मुलगी बहुधा त्यांच्या बाजूनं रस्त्यावर असेल. पण त्याच वाटेवरच्या वीस आदिवासी पंचायतींनी, म्हणजे निवडून आलेल्या बँड कौन्सिलांनी, कंपनीशी करार केलेत. आणि किटिमॅटजवळ हाइस्ला लोक स्वतःच गॅस टर्मिनल उभारताहेत, बहुसंख्य मालकी त्यांची. जमीन ज्यांची त्यांचं ऐका, हे आंदोलनात म्हणता येतं. त्यांच्यातलेच दोघं दोन गोष्टी म्हणाले की कुणाचं ऐकायचं, हे उमेदवाराला सांगावं लागतं, मायक्रोफोनसमोर, तीस सेकंदांत. तिचं उत्तर काय येईल मला माहीत नाही. ते तिनं पहिल्यांदा परक्यांसमोर शोधण्यापेक्षा तुमच्या जेवणाच्या टेबलावर शोधलेलं बरं.

करिअरबद्दल फार लिहीत नाही. अर्धवेळ केली आहे, सोडलेली नाही, म्हणजे हिशेब तिला कळतो. लहान पक्षाच्या उमेदवाराचा तुमच्याकडचा ठरलेला अनुभव म्हणजे चार आठवडे दारोदार फिरायचं आणि पडायचं. पडलेला उमेदवार बरबाद होत नाही. याच पक्षाच्या आधीच्या नेत्या सोनिया फर्स्टनो २०२४ च्या निवडणुकीत स्वतः पडल्या, म्हणूनच तर हे पद रिकामं झालं. पुढची ठरलेली निवडणूक २०२८ ची. काठावरचं सरकार आहे, आधीही लागू शकते. पैशांचं एक मात्र आत्ताच विचारून ठेवा: प्रचाराच्या महिन्यात तिचं भाडं कोण भरणार. 'बघू' असं उत्तर आलं तर तुम्ही भरा आणि कुठे बोलू नका. गॅसच्या पगारातून जाणार ते, हे तिलाही कळेल. तिनं ते घ्यावं की नाही, हा तिचा प्रश्न.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. ऑस्ट्रियात लेना शिलिंग नावाची हवामान आंदोलनातली मुलगी २०२४ मध्ये ग्रीन पक्षाची युरोपीय संसदेसाठीची पहिल्या क्रमांकाची उमेदवार झाली. वय तेवीस. धोरणावर दोन दिवस चर्चा झाली असेल नसेल, पुढचे कित्येक आठवडे तिच्या खासगी आयुष्यावर, ती कुणाला काय म्हणाली यावर वर्तमानपत्रं भरली. त्यातलं खरं किती, खोटं किती, हा प्रश्न वेगळा. निवडून आली ती. पण तेवीसाव्या वर्षी ते सोसायचं म्हणजे काय, याचा विचार उमेदवारीचा अर्ज भरताना कुणी केला होता का कोण जाणे. न्यूझीलंडच्या ग्रीन पक्षात नेते दोन असतात, नियमच तसा. क्लोई स्वॉरब्रिक २०२४ मध्ये एकोणतिसाव्या वर्षी सहनेता झाली, तेव्हा शेजारी दुसरी अनुभवी बाई होती. शिवाय ती स्वतः २०१७ पासून खासदार होती. तो नियम मला शहाणपणाचा वाटतो. तुमच्या लेकीला विचारा, पक्षात तिला 'आज घरी जा, झोप' म्हणणारं कोण आहे. आणि रात्री तिच्या फोनवर येणारी घाण कोण वाचतं. सावळी, बाहेरून आलेल्या घरातली, बाई, आणि वर पाइपलाइनविरोधी: काय काय येईल त्याची यादी मी करत नाही. तिच्या पोस्टखालच्या प्रतिक्रिया तुम्ही वाचू नका. एकही नाही. कॅम्पात रात्री वेळ असतो आणि फोन हातात असतो, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आता ती ओळ.

२९ जून २०२१ ला तुमच्या प्रांतातल्या लिटनमध्ये ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं. कॅनडात त्याआधी कधीच एवढं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते गाव जळून गेलं. त्या लाटेत प्रांतात ६१९ माणसं गेली. त्यांतली बहुतेक घरातच गेली. म्हातारी, पुष्कळशी एकटी राहणारी. विदर्भातल्या माणसाला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचं कौतुक नसतं, पण तिथली घरं थंडी आत येऊ नये म्हणून बांधलेली, उष्णता बाहेर जायला त्यांना वाटच नाही. त्या दिवसांत एकवीस वर्षांची मुलगी आईला घेऊन ओल्या पंच्यांमागे बसली होती आणि बाप उत्तरेला गॅसच्या कामावर होता. तुम्ही ते पगारासाठी करत होतात, त्यांच्यासाठीच करत होतात, हे ती जाणते. "तेच तर" या दोन शब्दांत ते सगळं आहे. तुम्हाला त्यात लाज ऐकू आली. मला ऐकू येत नाही. तिला तुमच्या कामाची लाज वाटत असती, तर तिनं ते 'रोज आठवतं' असं म्हटलं नसतं. लाज वाटणारी गोष्ट माणूस विसरायला बघतो.

त्या चार-पाच दिवसांबद्दल तुम्ही तिच्याशी कधी बोललात का? माफी मागा असं मी म्हणत नाही, मागण्यासारखं काही केलेलं नाही. नुसतं विचारा. फ्रिजमध्ये काय काय कोंबलं होतं, रात्री झोपलात कुठं, शेजारी कुणी होतं का एकटं, त्यांच्या दारावर कोण गेलं. तिला सांगू द्या. मध्ये तापमानाची आकडेवारी दुरुस्त करू नका. इंजिनिअर माणसाला ही खोड असते.

पुढच्या आठवड्यात घरी आलात की तिला स्वतः फोन करा. वहिनींना म्हणावं, निरोप्याचं काम त्यांनी आजपासून सोडलं आहे असं मी लिहिलंय. आणि तिनं प्रचाराचं पत्रक काढलेलं असेल तर एक मागून घ्या. पेन्सिल जवळ असू द्या, पण पहिल्या दिवशी बाहेर काढू नका.